कॅमिलाला ब्रिटनच्या लोकांनी राणी म्हणून खरंच स्वीकारलंय का?

मेघना_श

नमस्कार. इंग्लंडात राहणारे आणि राजघराण्यांचा इतिहास वाचणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून धागा काढतेय.

मी डायनाच्या लग्नाचे फोटो वहीत चिकटवणाऱ्या पिढीतली. २९ जुलै १९८१, सेंट पॉल्स कॅथीड्रल, पायऱ्यांवर पसरलेला तो पंचवीस फुटी घोळ, सगळं पाठ होतं. पुढे १९९२ मध्ये डायना आणि युवराज चार्ल्स वेगळे झाले, १९९६ च्या ऑगस्टमध्ये घटस्फोट आणि जेमतेम वर्षभराने डायनाचा जीव घेणारा पॅरिसचा तो अपघात. त्या काळात चार्ल्सची प्रेयसी कॅमिला पार्कर बोल्स हिचं नाव निघालं की आमच्यातली एकही तिची बाजू घ्यायची नाही. एका विशीतल्या मुलीचा संसार हिच्यापायी मोडला, एवढंच आम्ही धरून चाललो होतो. माझ्या मनातून ते अजूनही पुरतं गेलेलं नाही.

आणि ६ मे २०२३ ला वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याच कॅमिलाच्या डोक्यावर मुकुट चढला. शाळेची मुलं लॅटिनमध्ये तिच्या नावाचा जयजयकार करत होती. बाहेर पावसात लोक उभे होते. मी शेवटपर्यंत बघितलं, पण ही सगळी माणसं नक्की काय मनात धरून उभी आहेत ते मला उमगेना.

२००५ मध्ये लग्न ठरलं तेव्हा राजवाड्यानेच सांगितलं होतं की चार्ल्स राजा झाले तरी कॅमिला राणी म्हणवून घेणार नाही, 'प्रिन्सेस कॉन्सॉर्ट' म्हणजे राजाची पत्नी, पण नावापुरती राजकन्या, एवढंच म्हणवून घेईल. २०२२ मध्ये त्याचं 'क्वीन कॉन्सॉर्ट', म्हणजे राजाची पत्नी म्हणून राणी, झालं. राज्याभिषेकाच्या निमंत्रणावर तर सरळ 'क्वीन कॅमिला' छापलं. अठरा वर्षांत एवढं कसं बदललं? लोकांनी मनापासून स्वीकारलं, की विरोध करून करून थकले? आणि लोकांनी स्वीकारण्या-नाकारण्याला काही अर्थ तरी असतो का, की राजाची बायको आपोआपच राणी? तिकडे राहणाऱ्यांनी ऐकीव नको, पाहिलेलं सांगा.

विधिज्ञ_०७

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सरळ आहे. हो, राजाची बायको आपोआपच राणी. इंग्लंडच्या परंपरागत कायद्यानुसार राजाशी असलेल्या लग्नाच्या नात्यानेच ती राणी होते. त्यासाठी संसदेचा ठराव लागत नाही, जाहीरनामा लागत नाही, राज्याभिषेकसुद्धा लागत नाही. ८ सप्टेंबर २०२२ ला स्कॉटलंडमधल्या बाल्मोरलला चार्ल्सच्या आई, राणी एलिझाबेथ गेल्या, त्या घटकेला कॅमिला राणी झाल्या. मे २०२३ चा मुकुट हा त्यानंतरचा धार्मिक सोहळा.

उलट बाजूने मात्र हे लागू नाही. राणीचा नवरा राजा होत नाही. एलिझाबेथ यांचे पती फिलिप शेवटपर्यंत राजा नव्हते. व्हिक्टोरियाचे पती अल्बर्ट यांना 'प्रिन्स कॉन्सॉर्ट' हा किताब मिळाला तोही लग्नानंतर सतरा वर्षांनी, १८५७ मध्ये. 'प्रिन्सेस कॉन्सॉर्ट' अशी कोणी इंग्लंडच्या इतिहासात झालेलीच नाही. २००५ मध्ये हा मुद्दा संसदेत निघाला तेव्हा सरकारने लेखी उत्तर दिलं होतं की वेगळा कायदा केला नाही तर त्या राणीच होतील. म्हणजे क्लॅरेन्स हाउसचं, चार्ल्स यांच्या कार्यालयाचं, ते निवेदन फक्त कोणत्या नावाने संबोधायचं याबद्दल होतं. हुद्दा तेव्हाही ठरलेला होता.

१९३६ ची गोष्ट इथे आठवायला हवी. आठव्या एडवर्डने हाच मार्ग सुचवला होता: वॉलिस सिम्पसनशी लग्न करतो, पण ती राणी होणार नाही. त्याला कायदा करावा लागला असता. पंतप्रधान बाल्डविन यांचं मंत्रिमंडळ तयार नव्हतं आणि कॅनडा-ऑस्ट्रेलियासारख्या स्वशासित वसाहतींची सरकारंही तयार नव्हती. एडवर्डने ११ डिसेंबरला गादी सोडली. राजा हा चर्च ऑफ इंग्लंडचा प्रमुख, आणि वॉलिसचे आधीचे दोन्ही नवरे हयात. चर्चने घटस्फोटितांच्या पुनर्विवाहाला, तोही अपवाद म्हणून, दार किलकिलं केलं ते २००२ मध्ये. तरीसुद्धा २००५ चं लग्न चर्चमध्ये न होता नोंदणी पद्धतीने झालं.

तेव्हा कायद्याने प्रश्न केव्हाच सुटलेला होता. लोकांच्या मनात काय होतं ते तिथल्यांनी सांगावं.

थेम्सकाठ

मेघनाताई, पाहिलेलं सांगा म्हणालात म्हणून लिहायला बसले. लांबेल, वाचून घ्या.

मी तीसेक वर्षं स्लाउमध्ये राहते. ईटन आणि थेम्स ओलांडली की विंडसर. सगळी नोकरी वृद्धाश्रमात केअरर म्हणून केली. तिथल्या आजी-आजोबांकडून आणि माझ्या शेजारणीकडून जे ऐकलं, त्यावरून माझं मत झालंय.

आधी राग किती होता ते सांगते, कारण आज तिकडून बघणाऱ्याला त्याचा अंदाज येत नाही. १९९७ च्या त्या आठवड्यात आम्ही कामावरच्या काहीजणी केन्सिंग्टन पॅलेसला फुलं ठेवायला गेलो होतो. फुलांचे गुच्छ प्लास्टिकच्या कागदासकट ठेवलेले, खालचे आतल्या आत कुजायला लागलेले, आणि त्या वासात माणसं गप्प उभी. रडणाऱ्या पुरुषांची मला तोवर सवय नव्हती. राणी अजून बाल्मोरललाच का, राजवाड्यावरचा झेंडा अर्ध्यावर का नाही, यावरून एलिझाबेथ राणीवरसुद्धा लोक चिडले होते. ज्या राणीला कधी कुणी उणा शब्द बोललं नव्हतं तिचीही ही गत. मग कॅमिलाबद्दल काय बोललं जात होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्या वेळी मला कोणी सांगितलं असतं की ही बाई एक दिवस ॲबीत अभिषेक करून घेईल, तर मी विश्वास ठेवला नसता.

मग जे झालं ते फार सावकाश झालं. जानेवारी १९९९ मध्ये लंडनच्या रिट्झ हॉटेलातून दोघं पहिल्यांदा एकत्र बाहेर पडले. कॅमिलाच्या बहिणीचा पन्नासावा वाढदिवस होता. फोटोवाल्यांना आधीच कळवलेलं, रस्त्यावर शिड्या लावून ते उभे. दोघं काही सेकंद दिसले आणि गाडीत बसून गेले, एवढंच. पुढच्या वर्षी राणी तिला एका समारंभात भेटली याचीसुद्धा बातमी झाली. लोकांना किती पचतंय ते बघत बघत एकेक पाऊल टाकलं जात होतं, आणि ते सगळ्यांना दिसतही होतं.

माझं मत असं आहे की तिने डायनाचं काही मागितलं नाही, म्हणून लोक हळूहळू निवळले. विधिज्ञ म्हणतात तसं लग्नाबरोबर ती कायद्याने प्रिन्सेस ऑफ वेल्स, म्हणजे युवराजाची पत्नी, झालीच होती. पण ते नाव तिने एक दिवसही लावलं नाही. डचेस ऑफ कॉर्नवॉल म्हणून राहिली, सतरा वर्षं. प्रिन्सेस ऑफ वेल्स हे नाव आमच्या आजींच्या लेखी डायनाचं होतं आणि त्याला हात लागला असता तर लोक पुन्हा उसळले असते. डायनाबद्दल ती कधी जाहीर काही बोलली नाही, आपली बाजू मांडायला टीव्हीवर बसली नाही. एवढी चिखलफेक झाल्यावर गप्प राहणं सोपं नसतं हो.

लग्नाच्या दिवशी, ९ एप्रिल २००५ ला, मी विंडसरच्या हाय स्ट्रीटवर उभी होते. खरं तर ते आदल्या दिवशी व्हायचं, पण पोप जॉन पॉल यांचा अंत्यविधी आल्याने एक दिवस पुढे गेलं. आधी राजघराण्याच्या विंडसर किल्ल्यातच नोंदणी विवाह करायचं घाटत होतं. मग लक्षात आलं की त्यासाठी किल्ल्याला परवाना काढला तर तीन वर्षं कुणाही जोडप्याला तिथे लग्न लावायची मुभा द्यावी लागेल. म्हणून गिल्डहॉल, म्हणजे आमचं टाउन हॉल. आमच्या ओळखीच्यांची लग्नं तिथे झालेली आहेत. भावी राजाचंही लग्न तिथेच, त्याच पायऱ्यांवर, हे लोकांना कुठेतरी आवडलं असावं. ती फिक्या मोतिया रंगाच्या कोटात, रुंद काठाची हॅट घालून आली. मी जिथे होते तिथे लोकांनी झेंडे हलवले, टाळ्या वाजवल्या. जोरात नाही, पण वाजवल्या. माझ्या पुढे उभी असलेली एक बाई गाडी आली तशी पाठ फिरवून उभी राहिली आणि गाडी गेल्यावर परत वळली. तिला कुणी काही बोललं नाही.

एलिझाबेथ राणी त्या नोंदणी विवाहाला आल्या नाहीत. मात्र नंतर सेंट जॉर्ज चॅपलमधल्या आशीर्वादाच्या प्रार्थनेला होत्या. तिथे आर्चबिशप रोवन विल्यम्स यांच्यापुढे या दोघांनी सगळ्यांसोबत १६६२ च्या प्रार्थनापुस्तकातली पापकबुलीची प्रार्थना म्हटली. आमच्या वृद्धाश्रमात ते टीव्हीवर चालू होतं. जुन्या वळणाच्या, दर रविवारी चर्चला जाणाऱ्या एक आजी होत्या. त्यांनी ती प्रार्थना टीव्हीबरोबर ओठांतल्या ओठांत म्हटली आणि म्हणाल्या, "चला, म्हटलं एकदाचं." त्यांच्या दृष्टीने तो हिशेब तिथे मिटला होता. बाहेरच्यांना ही बाब क्षुल्लक वाटेल, पण त्या वयाच्या इंग्लिश माणसांना नाही.

दुसऱ्या एक आजी होत्या, पाठीत पार वाकलेल्या. जेवताना त्यांना समोरच्याचा चेहरा दिसायचा नाही, ताटच दिसायचं. ऑस्टिओपोरोसिस. हाडं ठिसूळ होऊन मणके आपल्याच वजनाने दबतात, उंची कमी होत जाते, आणि साधं खोकलं तरी फासळी मोडते. कॅमिलाची आई याच आजाराने १९९४ मध्ये गेली. २००१ पासून कॅमिला या आजाराच्या राष्ट्रीय संस्थेची अध्यक्ष आहे, म्हणजे राजघराण्यात लग्न होऊन यायच्या आधीपासून. तिचं एक भाषण आजींना कुणीतरी वाचून दाखवलं होतं. त्यात आई कशी खुरटत गेली आणि डॉक्टर 'वयाचं दुखणं' म्हणून कसे टाळत राहिले ते सांगितलेलं. आजी म्हणाल्या, "हिला माहीत आहे." कॅमिलाबद्दलचं त्यांचं सगळं मत या तीन शब्दांत आलं. डायना त्यांना आवडायचीच, शेवटपर्यंत. दोन्ही एकत्र राहू शकतं, हे मला त्यांच्याकडे बघून कळलं.

पुढे बलात्कार झालेल्या बायकांसाठीचं काम. तपासणीसाठी त्यांचे कपडे, अंगावरचं सगळं काढून घेतात. तपासणी संपल्यावर अंघोळीला साधा साबण, टूथब्रशही जवळ नसतो. अशांना द्यायला साबण, शाम्पू, टॉवेल असं भरलेली पिशवी तिने सुरू केली. आमच्या भागातल्या बायकाही त्या पिशव्या भरायच्या कामाला जात. असलं काम फोटोत छान दिसत नाही. राजघराण्यातलं माणूस बलात्कार हा शब्द जाहीरपणे उच्चारायलाच फार वर्षं लागली.

आता माझी शेजारीण. नव्वदीला आलीय. १९८१ च्या लग्नाचा चार्ल्स-डायनाचा मग अजून तिच्या खिडकीत आहे. तिचा स्वतःचा नवरा दुसरीकडे गेलेला, त्यामुळे हे प्रकरण तिला फार आतून लागलेलं. कॅमिला टीव्हीवर आली की ती आवाज बंद करायची. ५ फेब्रुवारी २०२२ ला एलिझाबेथ राणींचा संदेश आला, त्यांच्या राज्यारोहणाला सत्तर वर्षं होत होती त्याच्या आदल्या दिवशी. वेळ येईल तेव्हा कॅमिलाला क्वीन कॉन्सॉर्ट म्हटलं जावं अशी माझी मनापासून इच्छा आहे, असं त्यात होतं. माझ्या माहितीतल्या निम्म्या लोकांचा विरोध त्या दिवशी संपला. राणीने सांगितलं, झालं. शेजारणीचा नाही संपला. ती म्हणाली, सासूला सांभाळून घ्यावंच लागतं. पण राज्याभिषेकाच्या आदल्या दिवशी आमच्या गल्लीत झेंड्यांच्या माळा लावत होते, तेव्हा मी तिला विचारलं की तू आता हिला क्वीन म्हणणार का. ती म्हणाली, "त्याची बायको आहे ना ती. मग दुसरं काय म्हणायचं तिला?"

मनापासून स्वीकारलं का, असं तुम्ही विचारलंत. मी आजूबाजूला पाहिलं ते बहुतेक असंच होतं. प्रेम नाही, माफीही नाही. ती आहे, इतकी वर्षं आहे, काम करते, आणि म्हातारपणी त्या माणसाला सोबत आहे, म्हणून राणी.

नीलिमा_जो

थेम्सकाठ, तुमचा प्रतिसाद आवडला, तरी मी सहमत नाही. मीही याच देशात राहते, लेस्टरला.

आम्हाला सांगितलं होतं 'प्रिन्सेस कॉन्सॉर्ट'. त्या एका वाक्यावर २००५ मध्ये लोकांचा राग शांत केला गेला. लोकांनी ते खरं मानलं आणि लग्नाला आडकाठी केली नाही. आता कायदेपंडित म्हणतात, ते फक्त संबोधन होतं. मग सांगितलं कशाला? लोकांना जे ऐकायचं होतं ते सांगायचं, आणि सतरा वर्षांनी लोक जुने होऊन गेल्यावर ते बदलायचं, याला मी स्वीकार म्हणत नाही. थकवा म्हणते. आमच्या मुलांच्या पिढीला १९९७ आठवतच नाही, त्यांना विचारून काय उपयोग?

डायनाच्या बाजूने बोलायला आता कोणी उरलं नाही, म्हणून मी बोलते. १९९४ मध्ये चार्ल्सनी स्वतः टीव्हीवर कबूल केलं की लग्न मोडकळीला आल्यावर आपण निष्ठा पाळली नाही. त्यांचं आणि कॅमिलाचं फोनवरचं खासगी बोलणं १९९३ मध्येच पेपरांत छापून आलं होतं. ते छापणं चूकच होतं, पण छापलं गेलं आणि त्या वेळी दोन लहान मुलं शाळेत जात होती. १९९५ ची डायनाची मुलाखत फसवून मिळवलेली होती हे २०२१ च्या चौकशीत सिद्ध झालं, मला मान्य आहे. पण लग्नात आम्ही तिघं होतो हे तिचं वाक्य कुणी तिच्या तोंडी घातलं नव्हतं. त्यांचा धाकटा मुलगा हॅरी याने आत्मचरित्रात लिहिलंय की आम्ही दोघा भावांनी वडिलांना सांगितलं होतं, हिच्याशी लग्न करू नका. पोटच्या मुलांचं ऐकलं नाही, तर लोकांचं काय ऐकणार?

१९९२ मध्ये वेगळं झाल्यावरसुद्धा पंतप्रधान जॉन मेजर संसदेत म्हणाले होते की डायनाला पुढे राणी म्हणून अभिषेक व्हायला काही अडचण नाही. ती राणी व्हायची होती. माझ्या लेखी ती जागा रिकामी आहे.

ब्रसेल्सकर

मी ब्रसेल्समध्ये राहतो. या धाग्याशी अगदी जवळची एक गोष्ट या देशात घडलेली आहे आणि तिचा शेवट पूर्ण उलटा झाला, म्हणून सांगतो.

बेल्जियमचा राजा तिसरा लिओपोल्ड याची राणी ॲस्ट्रिड. स्वीडनची राजकन्या, अत्यंत लाडकी. मुलांना घेऊन रस्त्यातून साधेपणाने फिरायची. २९ ऑगस्ट १९३५ ला स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्न सरोवराकाठी मोटार झाडावर आदळून ती गेली. वय २९. गाडी राजा स्वतः चालवत होता. मागे तीन लहान मुलं, धाकटा तर वर्षाचा. सगळा देश तिच्यासाठी रडला. आजही इथे गावोगावी ॲस्ट्रिडच्या नावाचे रस्ते आणि बागा आहेत.

मे १९४० मध्ये जर्मन फौजा आल्या, लिओपोल्डने शरणागती पत्करली. त्याचं सरकार परदेशी गेलं, तो मात्र देशातच राहिला आणि जर्मनांनी त्याला लाकेनच्या राजवाड्यात ठेवलं. आपल्या सैनिकांप्रमाणे राजाही कैदेत आहे, एकटा, दुःखात, अशी लोकांची भावना होती. आणि ७ डिसेंबर १९४१ च्या रविवारी देशभरच्या चर्चमध्ये कार्डिनलचं पत्र वाचून दाखवण्यात आलं: राजाने लग्न केलं आहे. मुलगी लिलियान बेल्स, एका माजी मंत्र्याची कन्या, पंचविशीतली. चर्चमधलं लग्न सप्टेंबरातच गुपचूप उरकलेलं होतं आणि नोंदणी त्या रविवारच्या आदल्या दिवशी झालेली. इथल्या कायद्याने नोंदणी आधी व्हायला हवी, म्हणजे तिथेही नियम मोडलेला. ज्यांचे नवरे जर्मनीत छावण्यांत होते त्या बायकांना हे ऐकून काय वाटलं असेल याची कल्पना करा.

लिलियाननेही राणीपद घेतलं नाही. तिला 'प्रिन्सेस द रेती' असा किताब दिला. त्याने काही भागलं नाही. युद्धानंतर राजा परत यावा की नाही यावर १२ मार्च १९५० ला सार्वमत झालं. सुमारे ५८ टक्के लोक बाजूने, पण डच बोलणाऱ्या फ्लेमिश भागात ७२ टक्के आणि फ्रेंच बोलणाऱ्या वालोनियात जेमतेम ४२. तो परत आला, संप पेटले, लिएजजवळ गोळीबारात माणसं मेली. १६ जुलै १९५१ ला त्याने मुलासाठी गादी सोडली. भांडणाचं मुख्य कारण युद्धातली वागणूक होती, हे खरं. पण लिलियानचं नाव त्या प्रत्येक सभेत निघायचं. पोरकी झालेली मुलं तिला आई मानत होती, तिने त्यांना वाढवलं, तरी लोकांच्या नजरेत ती ॲस्ट्रिडच्या जागी आलेली बाईच राहिली.

थेम्सकाठ यांचा मुद्दा मला म्हणूनच पटतो, पण त्यात एक भर घालतो. दोघींनीही राणीपद सोडलं होतं. फरक वेळेचा आहे. डायना गेल्यावर चार्ल्सनी साडेसात वर्षं थांबून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आधी जाहीर करून लग्न केलं. लिओपोल्डने सहा वर्षं थांबून ते लपवलं, आणि निवडली ती वेळ देशाच्या कैदेची. नीलिमाताई म्हणतात फसवलं, पण खरी फसवणूक झाली की लोक काय करतात ते या देशाने पाहिलंय.

मेघना_श

सगळ्यांचे मनापासून आभार. ॲस्ट्रिडबद्दल काहीच माहीत नव्हतं, आज दिवसभर तेच वाचत होते. नीलिमाताई, तुमचा राग मला जवळचा वाटतो, पण 'जागा रिकामी' यावर अडले. डायनाचा घटस्फोट झाला होता. ती जगली असती तरी राणी झाली नसती, हो ना?

थेम्सकाठ, एक विचारायचंय. मुकुटात कोहिनूर असणार म्हणून इकडे बरीच ओरड झाली होती. तिथल्या लोकांना त्याचं काही वाटलं का? आणि राजाला कॅन्सर झाल्यावर लोकांचं मत बदललं का?

थेम्सकाठ

कोहिनूर आधी. १९३७ पासून तो चार्ल्सच्या आजीच्या मुकुटात आहे, आणि राजाच्या बायकोने तोच मुकुट घालायचा असं बरेच जण धरून चालले होते. १८४९ मध्ये दहा वर्षांच्या दुलीप सिंगाकडून तह करून घेतलेला हिरा नव्या राणीच्या डोक्यावर जगभर दिसणार, हे नको, असं इथेही बोललं जात होतं. फक्त आपल्यासारखे लोक नव्हे, माझ्याबरोबर काम केलेल्या इंग्लिश मुलीही म्हणत होत्या. शेवटी फेब्रुवारी २०२३ मध्ये राजवाड्याने जाहीर केलं की कॅमिला मेरी राणीचा १९११ चा मुकुट घालणार. त्याच्या आठ कमानींपैकी चार काढल्या आणि एलिझाबेथ राणी ब्रोच म्हणून वापरायच्या ते कलिनन हिरे बसवले. ते हिरे दक्षिण आफ्रिकेचे, त्यांचाही इतिहास स्वच्छ नाही. पण कोहिनूर बाहेर राहिला याचं मला फार बरं वाटलं. नवा मुकुट घडवला नाही, जुनाच नीट करून घेतला, याचंही इथे कौतुक झालं.

कॅन्सरची बातमी ५ फेब्रुवारी २०२४ ला आली. त्यानंतर काही आठवडे राजघराण्याचा चेहरा म्हणून बहुतेक तीच दिसत होती. चार्ल्सची सून केट आजारी, तिचा नवरा विल्यम घरी तिच्यापाशी. मार्चच्या अखेरीस वूस्टर कॅथीड्रलमध्ये मॉन्डी थर्सडेचं दान होतं. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी राजा आपल्या वयाइतक्या पुरुषांना आणि तितक्याच बायकांना, म्हणजे त्या वर्षी ७५ आणि ७५, लाल आणि पांढऱ्या चामडी थैल्यांतून खास पाडलेली नाणी देतो. चर्चसाठी, समाजासाठी आयुष्यभर खपलेली वयस्क माणसं त्यासाठी निवडतात. राजाऐवजी त्याच्या पत्नीने हे दान करायची ती पहिलीच वेळ. माझ्या जुन्या वृद्धाश्रमातल्या मैत्रिणीने मला त्या दिवशी फोन केला, टीव्ही लावलास का म्हणून. रांगेतल्या एकेका माणसापुढे थांबून ती दोन शब्द बोलत पुढे सरकत होती. वय ७६, घरी नवरा आजारी. आमच्याकडच्या बायकांना त्यात कॅमिला कमी आणि आपल्यासारखी एक बाई जास्त दिसली. लोकांच्या मतात काही हललं असेल तर ते तेव्हा.

नीलिमाताई, निवेदनाबद्दलचं तुमचं म्हणणं मी खोडत नाही. 'प्रिन्सेस कॉन्सॉर्ट' असं सांगायलाच नको होतं, माझंही हेच मत आहे. पण ते बदलायला लोकांनी हरकत घेतली असती तर एलिझाबेथ राणींनी ते लिहिलं नसतं. सत्तर वर्षं लोकांची नाडी धरून बसलेली बाई होती ती.

नीलिमा_जो

वूस्टरचं मीही पाहिलं होतं. तिने ते चांगलं केलं, हे कुणीही मान्य करेल. मेघना, घटस्फोटाचं तुमचं बरोबर आहे, कायद्याने जागा तिची उरली नव्हती. मी कायद्याचं बोलतच नव्हते. ३१ ऑगस्टला केन्सिंग्टनच्या फाटकाला अजून लोक फुलं बांधतात, त्यांच्याबद्दल बोलत होते. मी राणी म्हणताना एलिझाबेथच म्हणते आणि पुढेही म्हणेन.

विधिज्ञ, माझाही एक प्रश्न. उद्या विल्यम राजा झाला आणि कॅमिला हयात असल्या तर त्यांना 'क्वीन मदर' म्हणणार का? ते तरी होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

विधिज्ञ_०७

नाही, तसं होणार नाही. 'क्वीन मदर' म्हणजे गादीवर असलेल्या राजाची किंवा राणीची आई, आणि तीही आधी स्वतः राणी असलेली. विल्यम त्यांचा मुलगा नाही. त्या विधवा राणी ठरतील, म्हणजे 'क्वीन डाउजर'. क्वीन कॅमिला हे नाव कायम राहील, पण 'द क्वीन' म्हटलं की तेव्हा विल्यमची पत्नी कॅथरिन, म्हणजे केट.

याआधी असं झालं ते १८३७ मध्ये. चौथा विल्यम वारला, त्याच्या दोन्ही मुली तान्हेपणीच गेलेल्या, म्हणून गादी पुतणीकडे, व्हिक्टोरियाकडे गेली. विल्यमची पत्नी ॲडलेड ही नव्या राणीची काकू. ती १८४९ मध्ये वारली तोवर क्वीन डाउजर म्हणूनच राहिली. ऑस्ट्रेलियातल्या शहराला तिचंच नाव आहे. तिच्यानंतरच्या सगळ्या विधवा राण्या, अलेक्झांड्रा, मेरी आणि एलिझाबेथ यांची आई, या नव्या राजाच्या किंवा राणीच्या सख्ख्या आई होत्या.